कोणाची हरकत असल्यास

पैठणी आधी आली आणि कागद मागून आला. म्हणजे पैठणीचा फोटो. जांभळी, हिरव्या काठांची, पदरावर मोर. दिलीपने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'ताई, तुझ्यासाठी काढून ठेवलीय. येशील तेव्हा नेसायची.' वृंदा त्या वेळी डब्लिनपलीकडच्या मलिंगार गावात आपल्या स्वयंपाकघरात कणीक मळत होती. उजवा हात मनगटापर्यंत कणकेत आणि डाव्या हातात फोन, त्यात डाव्या हाताने तिला धड टाइप करता येत नाही, म्हणून तिने नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. छान, या अर्थी. दोन मिनिटांनी सहा पानांची पीडीएफ आली, नाव 'हक्कसोड फायनल', आणि कणकेतला हात न काढता तिने त्यावरही तसाच अंगठा दिला. मग तेलाचा हात लावून गोळा झाकून ठेवला, हात धुतले, आणि नळाखाली बोटं चोळता चोळता ती डाव्या अंगठ्याशी थांबली. जिन्यावर एक पायरी जास्त आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली जमीनच लागावी, तसं. आपण डाव्या हाताचा अंगठा दिला. निशाणी डावा अंगठा. हे तीन शब्द ती कुठल्या जन्मी शिकली होती ते तिला बरोबर आठवत होतं, पण आठवायला नको होतं, म्हणून तिने पोळ्या लाटायला घेतल्या.

पोळ्या कधी नव्हे त्या फुगल्या नाहीत. नरेंद्र वरच्या खोलीतून हेडफोन गळ्यात अडकवून खाली आला, मार्चपासून त्याचं ऑफिस तिथेच होतं, आणि ताटाकडे बघून म्हणाला, "आज पापड केलेस का?" ती म्हणाली, "हरकत नाही, दुसऱ्या करते." तो म्हणाला, "अगं चेष्टा केली." रेवा, त्यांची पंधरा वर्षांची लेक, शाळा लॅपटॉपवर आणि लॅपटॉप पलंगावर अशा अवस्थेत अर्धा दिवस काढून आली होती, ती म्हणाली, "मॉम, इट्स ग्रँड." इथे सगळंच ग्रँड असतं. पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. वृंदाला या देशात येऊन अकरा वर्षं झाली होती आणि हा शब्द तिला पहिल्या दिवशीच कळला होता, कारण तो तिच्याकडे आधीपासून होता. हरकत नाही. लग्न ठरलं तेव्हा बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं, हरकत नाही. नवऱ्याच्या मागे पुणं सोडून डब्लिन, डब्लिनमधलं भाडं परवडेना म्हणून मलिंगार, हरकत नाही. सप्टेंबरात बाबा गेले, साताऱ्याच्या दवाखान्यात, आणि विमानं नव्हती, दिलीपने फोन उंच धरला होता आणि त्यात फक्त पांढरं प्लास्टिक आणि त्याच्या बुटांचं टोक दिसत होतं. तेव्हासुद्धा ती रडत रडत दिलीपला काय म्हणाली असेल? "हरकत नाही रे, तू होतास ना तिथे."

दुपारी तिचं ऑफिस सुरू व्हायचं. ऑफिस हा तिचाच शब्द, आणि तो ती घरात जरा टेचात वापरायची. डिसेंबरात गावच्या इतिहास मंडळाने फेसबुकवर हाक दिली होती, एका जुन्या इस्टेटीच्या कचेरीतल्या पत्रवह्या सापडल्या आहेत, पानांचे फोटो काढलेत, लॉकडाउनमध्ये घरी बसून कोणी अक्षर लावून टाइप करून देईल का. नोरा गेरटी नावाच्या निवृत्त शाळामास्तरणी हे सगळं बघत. वृंदाने नाव दिलं तेव्हा नोरा फोनवर सावधपणे म्हणाल्या होत्या, "जुनं अक्षर आहे, लावायला फार कठीण हं." वृंदा म्हणाली, "मी तलाठ्याची मुलगी आहे." मग तलाठी म्हणजे काय हे सांगण्यात पाऊण तास गेला, आणि शेवटी नोरा म्हणाल्या, "म्हणजे लँड एजंटच की." वृंदाला ते तेव्हा आवडलं नव्हतं. एजंट म्हटलं की तिला एलआयसीचे नाहीतर लग्नाचे आठवायचे. पण काम मिळालं. पैशांची वही दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेली, तिच्याकडे पत्रांची आली. अठराशे एकोणपन्नास ते बावन्न. लिहिणारा मिस्टर हॅथर्ली. मालक लंडनला, जमीन इथे, आणि मधे हा माणूस, एका धूर कोंडणाऱ्या खोलीत, मंगळवारी आणि शुक्रवारी खिडकी उघडून बसणारा.

आणि ती त्याच्यात रमली, हे कबूल करायला हवं. हॅथर्लीच्या बोटांना थंडीने सूज यायची. चिमणीत कावळ्याने घरटं केलं होतं आणि ते काढायची परवानगी तो मालकाकडे तीन पत्रांतून मागत होता. खिडकीपाशी लोक येत ते काय काय घेऊन, याने माझा बांध सरकवला, त्याच्या बकऱ्या माझ्या ओटच्या पिकात शिरल्या, मुलीचं लग्न करायचंय तर जावयाला आमच्या जमिनीवर राहू द्याल का. लग्नाचीसुद्धा परवानगी कचेरीत! वृंदा हसली होती. मग हसू थांबलं होतं, कारण तिच्या डोळ्यांपुढे ती खिडकी नव्हतीच, चावडीचं दार होतं, आणि दारात चपला काढून उभी असलेली माणसं, आणि आत बाबा, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. तिच्या शाळेला सुट्टी असली की बाबा तिला सायकलच्या दांड्यावर बसवून चावडीत न्यायचे. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, त्यांचा जुन्या कागदाचा आणि झुरळांच्या गोळ्यांचा वास, खिडकीतून येणारी शेळी. तिला एक काम नेमून दिलेलं होतं. अंगठा घ्यायचा असला की शाईचा पॅड पुढे धरायचा आणि नंतर चिंधी द्यायची. पुरुष चिंधीला पुसायचे. बायका चिंधी घ्यायच्या नाहीत, केसांना पुसायच्या. तेलकट केसांत शाई कुठल्या कुठे जायची. हे तिला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

एका बाईचा अंगठा तिला अजून दिसायचा. रुंद, मधोमध चीर पडलेला, चिरेत हळद. ती बाई हिरव्या कोऱ्या लुगड्यात आली होती, घडीच्या रेघा तशाच, आणि तिच्या मागे दारात तिचे दोन भाऊ. बाबांनी फेरफार वाचून दाखवला, त्यांच्या त्या सपाट आवाजात, की सदर भगिनी यांनी आपला हक्क राजीखुशीने सोडला असून. राजीखुशीने या शब्दाशी बाईने मान वर केली. वृंदाला वाटलं ती काही बोलणार. ती वृंदाला म्हणाली, "धर की गं पोरी नीट, हालतंय." आणि अंगठा टेकवला. मग केसांना पुसला, आणि एक भाऊ म्हणाला, "चल आक्का, जेवून जा." ती नऊ वर्षांची वृंदा त्या दिवशी घरी येऊन आईला म्हणाली होती, किती छान लुगडं घेतलं होतं तिच्या भावांनी. आई चुलीपुढे होती. आईने तिच्याकडे बघितलं नव्हतं. हे ती आता, चाळीस वर्षांनी, मलिंगारच्या टेबलाशी बसून आठवत होती. आईने बघितलं नव्हतं, आणि चिमट्याने भाकरी उलटायची ती हाताने उलटली होती.

गोष्ट खरी बिघडली ती मंगळवारी. सोमवारी वृंदाने पान एकशे चौदा टाइप केलं होतं. त्यात हॅथर्ली मालकाला कळवतो की विधवा डेली हिने घराचा ताबा शांतपणे सोडला, आणि तिला त्याच दिवशी केअरटेकर म्हणून पुन्हा आत घेतलं आहे. वृंदाला भरून आलं होतं. बघा, माणूस कडक असला तरी आतून ओला. केअरटेकर तिला माहीत होता. रेवाच्या शाळेतला पॅट, किल्ल्यांचा जुडगा, बर्फ पडला की मीठ टाकणारा, ख्रिसमसला ज्याला सगळे बिस्किटांचा डबा देतात तो. तिने पानाखालच्या टिपणाच्या चौकटीत लिहिलं, 'एजंटने दया दाखवून बाईला तिच्याच घरात नोकरी दिली.' आणि पाठवून दिलं. मंगळवारी सकाळी नोरांचा फोन.

"वृंदा, लव्ह, कशी आहेस? ग्रँड? बरं, ते एकशे चौदा. टायपिंग फार सुंदर. फक्त ती नोकरी नाहीये गं."

"म्हणजे?"

"केअरटेकर ही नोकरी नव्हे. ती सही आहे. बाईने लिहून दिलं की हे घर माझं नाही, माझा काही हक्क नाही, मी फक्त राखण करायला राहतेय. राहायचं त्याच घरात, त्याच चुलीपाशी. फक्त तुझा तो हॅथर्ली म्हणेल त्या दिवशी, म्हणेल त्या तासाला बाहेर. कोर्ट नाही, कचेरी नाही. माझी पणजी सांगायची, तिच्या आईच्या बाबतीत असंच झालं होतं. आठ महिने तिला वाटत होतं, आपण वाचलो."

वृंदा म्हणाली, "मला वाटलं तो भला माणूस होता."

"असेलही. चांगलं अक्षर आहे त्याचं," नोरा म्हणाल्या. "शांतपणे हा शब्द बघ कितीदा येतो ते. त्याला तो शब्द फार आवडायचा."

फोन ठेवल्यावर वृंदाने प्रेसेस आवरायला काढले. प्रेस म्हणजे इथलं कपाट, हा शब्द मात्र तिला अकरा वर्षं परका वाटत आला होता, आणि आज ती एक एक प्रेस उघडून डाळींचे डबे बाहेर काढत होती आणि परत तिथेच ठेवत होती. मसुराचा डबा तीनदा निघाला. शेवटी तिने हात पुसले, उजवा आणि डावा दोन्ही, आणि फोनवर 'हक्कसोड फायनल' उघडली. सहा पानं. चतुःसीमा, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस कुणाचं घर, फलटणचं बाबांनी निवृत्तीनंतर बांधलेलं तीन खोल्यांचं घर, मागे पेरू. लिहून घेणार, दिलीप मुरलीधर. लिहून देणार नंबर दोन, वृंदा नरेंद्र. हे तिला माहीत होतं. बिल्डरला एकाच नावावर हवंय, हे दिलीपने ख्रिसमसलाच सांगितलं होतं, आणि ती काय म्हणाली असेल ते सांगायची गरज नाही. गुरुवारी अकरा वाजता डब्लिनला वकिलातीत तिची वेळ ठरली होती, मुखत्यारपत्रावर सही करायला. पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी, म्हणून नरेंद्रने ईमेल छापून गाडीत ठेवली होती, कुणी अडवलं तर दाखवायला. पण नंबर दोन आहे तर नंबर एक कोण, हे तिने विचारलंच नव्हतं. लिहून देणार नंबर एक, सुलक्षणा मुरलीधर, वय बहात्तर, धंदा घरकाम. आणि खाली, पान चारवर, 'लिहून देणार नंबर एक यांस लिहून घेणार यांच्या इच्छेनुसार सदर मिळकतीत राहण्यास मुभा राहील.' इच्छेनुसार. तिने तो शब्द पडद्यावर दोन बोटांनी मोठा केला. मोठा केला तरी तो तोच राहिला.

ती कोट चढवून कालव्याकाठी चालायला गेली. जानेवारीतला उजेड, धुतलेल्या भांड्यासारखा, ना ऊन ना सावली. एक हंस पाण्यात ढुंगण वर करून काहीतरी शोधत होता. पाच किलोमीटरला फोन सांगायचा, आता फिर, आणि ती रोज शिस्तीत फिरायची. आज तिथे उभी राहिली आणि तिने दिलीपला फोन लावला.

"बोल ताई! पैठणी बघितलीस ना? नेत्राने निवडली. मी म्हटलं लाल घे, ती म्हणाली वन्संना जांभळी शोभते."

"छान आहे. दिल्या, मी तो कागद वाचला."

"आता वाचलास? अंगठा तर शनिवारीच दिलास," तो हसला. "मी बिल्डरला कळवूनसुद्धा टाकलं. म्हटलं आमची ताई म्हणजे गाय आहे."

"आईचं नाव आहे त्यात."

"असणारच की. आईचाही हिस्सा आहे ना. सगळं एकत्र क्लिअर झालेलं बरं."

"आणि इच्छेनुसार म्हणजे?"

"ती वकिलांची भाषा असते गं, तू काय शब्द धरून बसतेस. आई कुठे जाणारे? माझ्याजवळच राहणार. तुझंही घरच आहे, कधीही ये, चार दिवस राहा. मी काय परका आहे का?" मग आवाज बारीक करून, "हे बघ, बाबांना दवाखान्यात घेऊन गेलो मी. रात्रंदिवस मी होतो. तू फोनवर होतीस. मी बोललो का कधी?"

ते खरं होतं. खरं असून इथे लावायचं नव्हतं, पण हे सांगायचं कसं ते तिला कधीच जमलं नाही. तिकडे दिलीपने फोन स्पीकरवर टाकला असावा, भांड्यांचा आवाज आला, टीव्हीचा आला. "आई, बोल, ताई आहे." आणि आईचा आवाज, लांबून, "करून टाक बाई सही. कशाला लांबवतेस." वृंदा म्हणाली, "बरं." हंस एव्हाना सरळ झाला होता आणि तिच्याकडे तुच्छतेने बघत होता. परतीच्या वाटेवर तिचं तिलाच नवल वाटत राहिलं, की आपल्या गळ्यातून काय निघतं हे आपल्याला इतक्या उशिरा का कळतं. दिलीप वाईट नव्हता. हॅथर्लीही नसेल. बाबा तर नव्हतेच, बाबांनी आयुष्यात कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, आणि त्यांच्या सुरेख गोल अक्षरात गावोगावच्या किती बायका राजीखुशीने झाल्या असतील. पॅड कोणी धरला होता? नीट धर की गं पोरी.

बुधवारी सकाळी दहाला फोन वाजला. फलटणला साडेतीन, दिलीप दुकानात, नेत्रा पडलेली असणार. आईचं स्वतःहून फोन करणं नवं होतं. व्हिडिओ लागला तो उलटा, आधी पेरूचं झाड, मग आकाश, मग आईची हनुवटी.

"मागच्या अंगणात आलेय," आई म्हणाली. "पेरू किडलेत यंदा. जेवलीस?"

"इथे सकाळ आहे आई."

"हां. उद्या जाणार ना तू तिकडे?"

"हो, अकराला." मग न राहवून, "आई, तू वाचलास का गं तो कागद?"

आई फोनमध्ये न बघता झाडाकडे बघत होती. "तुझे बाबा नोटीस लावायचे चावडीवर. आठवतं? फेरफार झाला की."

"कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत," वृंदा म्हणाली. ते तिच्या तोंडात पाढ्यासारखं होतं.

"मी एकदा विचारलं त्यांना. म्हटलं, येतं का हो कुणी? म्हणाले, बायकांपैकी एकही नाही. पण पंधरा दिवस रोज टेबल पुसायचे, समोरची खुर्ची सरळ करून ठेवायचे. मी म्हटलं, कुणी येत नाही तर खुर्ची कशाला? म्हणाले, आली तर उभी राहायला नको." आईने पेरूच्या एका पानाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मला नाही गं येत बसता त्या खुर्चीत. माझा मुलगा आहे तो. त्याच्या हातचं जेवायचंय मला. मी तोंड उघडलं तर घर मोडलं म्हणतील."

"मग काल सही कर म्हणालीस ते?"

"स्पीकरवर होतं ते," आई म्हणाली, जणू हे लहान पोरालाही कळायला हवं. "तू लांब आहेस. लांबच्या माणसाला बोलता येतं. तू नाही केलीस सही, तर माझ्यावर वेळच येणार नाही." आणि लगेच, आवाज चढवून, "हो हो, थंडीचं जप, स्वेटर घाल!" कुणीतरी मागच्या दारात आलं असावं. पडद्यावर परत आकाश आलं आणि बंद झालं.

आयुष्यभर वृंदाला वाटत आलं होतं, आपण लांब आहोत हा आपला गुन्हा आहे. बाबांच्या वेळी लांब, आईच्या मोतीबिंदूच्या वेळी लांब. त्या गुन्ह्याचा दंड म्हणून ती सही करायला निघाली होती, खरं तर. तो दंड आईला नकोच होता. आईला तिचं लांब असणंच हवं होतं, कामाला यायला. वरून नरेंद्रचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होता की शुक्रवारपर्यंत होऊन जाईल. ती जिन्यापाशी गेली आणि म्हणाली, "अहो, उद्याची गाडी नको काढायला." तो हेडफोन सरकवून म्हणाला, "का गं? तब्येत?" ती म्हणाली, "नाही. मला हरकत आहे." तो वाकून बघायला लागला, कारण त्याला वाटलं आपण अर्धं वाक्य ऐकलं.

परत येऊन तिने आधी एकशे चौदा नंबरचं पान उघडलं, दयेचं टिपण पुसलं आणि लिहिलं, 'नोकरी नव्हे. हक्क सोडून घेतला आहे. बाई राजी होती की नाही ते या वहीत नाही.' मग फोन घेतला. दिलीपच्या नावाखाली तिचे दोन अंगठे तसेच उभे होते, पिवळे, गुबगुबीत, एक पैठणीखाली आणि एक कागदाखाली. तिने दोन्ही हातांनी टाइप केलं. 'दिलीप, पैठणी दुकानात परत दे. आईचं नाव घरावर राहील तोवर मी सही करणार नाही असं नव्हे, आईचं नाव निघणार असेल तर करणार नाही.' वाचलं. फारच गुंता झाला होता, वकिलासारखा. खोडलं. बाबांच्या सपाट आवाजात मनाशी म्हणून बघितलं आणि मग एवढंच लिहिलं, 'आईचं नाव काढायला माझी हरकत आहे. वृंदा मुरलीधर.' ते गेलं. दोन खुणा उमटल्या, निळ्या झाल्या. दिलीप लिहितोय असं दिसलं, मग थांबलं, मग परत लिहितोय.

तिने फडकं ओलं केलं आणि टेबल पुसलं. कणकेचा वाळलेला एक कण होता शनिवारपासून, तो नखाने काढला. रोज ती ज्या खुर्चीत बसून ऑफिस करायची तिथे लॅपटॉप उघडा होता, पडद्यावर हॅथर्लीचं तिरपं, सुंदर अक्षर. समोरची खुर्ची वाकडी होती, त्यावर रेवाचा लोकरी जंपर. तिने जंपर उचलला, खुर्ची सरळ केली. टेबलाला वळसा घालून आली आणि त्या खुर्चीत बसली.